वाडीचा जबाब

माझ्या वहिनीला या देशात राहायची परवानगी दर वर्षी नव्याने घ्यावी लागते, आणि ती मागायचं काम माझ्याकडे आहे. घरात इंग्रजी माध्यमात शिकलेली मी एकटी, म्हणून.

वहिनी फिलिपाईन्सची. माझा भाऊ एका प्रवासी जहाजावर स्वयंपाकघरात कामाला आहे, ती त्याच जहाजावर लाँड्रीत होती. लग्नानंतर तिने जहाज सोडलं, त्याने नाही. तो वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यावर असतो आणि ती पोलादपूरच्या डोंगरात, आमच्या वाडीवर, आईजवळ. सगळे म्हणत होते की तिला मुंबईत खोली घेऊन दे. तिने वाडी पाहिली, उतारावर पायऱ्यांसारखी उतरत गेलेली भाताची खाचरं पाहिली आणि म्हणाली, मी इथे राहीन, माझ्या आजोळी अशीच शेतं आहेत.

ती श्रावणात आली. वाडीने तिला पहिला महिनाभर पाहुणीसारखं ओट्यावर बसवून ठेवलं. बायका येऊन तिचे केस बघून जायच्या. मग तिने आमच्या फडताळातला सुका जवळा शोधून काढला, कांद्यात परतला आणि भाताबरोबर दोनदा वाढून घेऊन खाल्ला. त्या दिवशी शेजारची काकू, म्हणजे माझ्या वडिलांची चुलत भावजय, आईला म्हणाली, "हिला आता बसवून ठेवू नको गो. ही आपल्यातलीच हाय." कापणीला वहिनी भारे बांधायला होती. बोलायला शिकली तीही शेतातच. त्यामुळे तिचं मराठी म्हणजे दे गो, ये गो, वाक गो, हाय, नाय. मला ती वन्सं म्हणते. ते काकूने शिकवलं. तिच्या तोंडून ते "वान्सा" असं येतं.

मी महाडला असते. शाळाही तिथेच झाली, मावशीकडे राहून. आता एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाईप करते आणि शनिवारी संध्याकाळी एसटीने घरी जाते. वाडीत मला "मिडियम" म्हणतात. मी पायवाटेने वर येताना दिसले की कोणीतरी हाक घालतं, "मिडियम आली गो!" त्यात वाईट काही नसतं, पण मला ते लागायचं. मराठी मी आवडीने वाचते. बोलताना मात्र आकडे अडतात. पासष्ट म्हणायचं की पंचावन्न, या विचारात मी गप्प होते आणि तोवर विषय पुढे गेलेला असतो. हळूहळू मला गप्प राहायची सवयच झाली. विचारलं तेवढंच सांगायचं, नाही विचारलं तर तेही नाही.

पहिल्या वर्षीची नोंदणी भावाने सुट्टीवर असताना स्वतः केली होती. दुसऱ्या वर्षी मुदत ऑगस्टमध्ये संपत होती आणि तो जहाजावर होता. म्हणून आषाढात मी लॅबमधलं काम आटोपल्यावर तिथल्याच कॉम्प्युटरवर अर्ज भरायला बसले. पासपोर्ट, विवाह नोंदणीचा दाखला, घरपट्टीची पावती, लाईट बिल, भावाचं सहीचं पत्र. प्रत्येक कागद इतका लहान करायचा की साईटने तो गिळला पाहिजे आणि इतका लहान नाही की अक्षर दिसणार नाही. वहिनीच्या फोटोसाठी आईने भिंतीवर पांढरं धोतर लावलं होतं. तीन संध्याकाळी लागल्या. शेवटी अर्ज गेला आणि खाली एक ओळ आली, की दिलेल्या पत्त्यावर स्थानिक पोलीस पडताळणीला येतील.

ती ओळ मी वाचली आणि कोणाला सांगितली नाही. आईलासुद्धा नाही. सांगितलं असतं तर आईने काकूला सांगितलं असतं, काकूने वाडीला. मग विचारणा सुरू झाली असती: परवानगी म्हणजे काय, नाही मिळाली तर हिला परत पाठवतात का? त्या प्रश्नाचं उत्तर मला माझ्या तोंडाने द्यायचं नव्हतं. पोलीस येतील, वहिनीला बघतील, जातील, असं मी धरून चालले होते.

आमच्या वाडीत एक गोष्ट कोणी कोणाला शिकवत नाही, तरी सगळ्यांना येते. खाकी कपड्यातलं माणूस काही विचारायला आलं की पहिलं उत्तर "नाय". जंगलखात्याचा गार्ड विचारतो, लाकडं कोणी तोडली? नाय. कोयता कोणाचा? नाय. समोर कोयता पडलेला असतो. गार्डलाही माहीत असतं की पहिलं "नाय" मोजायचं नाही, चहा झाल्यावर पुन्हा विचारायचं. हे मला लहानपणापासून माहीत होतं. फक्त अर्ज भरताना आठवलं नाही.

एका शनिवारी पावसाने एसटी बंद होती, म्हणून मी घरी गेले नाही. सोमवारी दुपारी लॅबमध्ये अर्जाची स्थिती उघडून पाहिली. तिथे लिहिलं होतं: पडताळणीत सदर परदेशी महिला दिलेल्या पत्त्यावर राहत असल्याचं आढळलं नाही, शेजाऱ्यांनीही तसंच सांगितलं, खुलासा करावा. मुदत संपायला अकरा दिवस होते. त्याआधी खुलासा मान्य झाला नाही तर वहिनीला देश सोडावा लागणार होता. तिकडे जाऊन पुन्हा नव्याने अर्ज, आणि त्याला किती महिने लागतील हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पोलादपूरपर्यंत एसटी, पुढे सहा आसनी मिनीडोर रिक्षा, मग पाऊण तास चढण. पाऊस होता. वाडीवर पोचले तेव्हा लावणी जोरात होती आणि आमच्याच खाचरात आठजणी ओळीने वाकलेल्या होत्या, डोक्यावर निळ्या प्लास्टिकच्या खोळी घेऊन. पाठीवरून कोण कोणती ते ओळखू येत नव्हतं.

"सोमवारची कशी काय मिडियम?" एकीने विचारलं.

"काकू, पोलीस आले होते का?"

काकू पाठ सरळ करून उभी राहिली. चेहऱ्यावर नुसता आनंद. "आला होता ना! गुरवारी. घराकडं जाऊच दिला नाय, बांधावरनंच लावला वाटंला."

"काय विचारलं त्यांनी?"

"बोलला, इथं कोणी बाहेरदेशी बाई राहते का? मी बोलले, नाय ओ साहेब. तो बोलला, नक्की? सगळ्या बोलल्या, नाय ओ नाय. बाहेरदेशातनं इथं कोण येतंय मरायला? आमच्या वाडीला अजून रस्ता नाय!"

सगळ्या हसल्या. पुन्हा एकदा हसल्या म्हणायला हवं. ही गोष्ट गुरुवारपासून रोज सांगितली जात असणार.

"आणि वहिनी कुठे होती?"

"ही काय, माझ्या बाजूलाच. वाकलेली. मी पायानं ढोसलं तिला, वर बघू नको म्हणून."

वहिनीने खोळीतून मान वर केली आणि मला इंग्रजीत म्हणाली की तो विचारत होता तोवर ती अजिबात हलली नव्हती, अगदी शहाण्यासारखी वागली. त्याबद्दल काकूने तिला वाटीभर जवळा दिला होता.

मी बांधावर बसले. आधी वहिनीला इंग्रजीत सगळं सांगितलं. तिच्या हातात रोपांची मूठ होती, ती तशीच राहिली. तिने विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, अकरा. ती मागे वळून लावलेल्या ओळींकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग हा भात कोण कापणार?"

बाकीच्या वाट बघत होत्या. त्यांना मराठीत सांगायचं होतं, आणि थोडक्यात सांगून भागणारं नव्हतं. मी त्या बायकांसमोर एका दमात इतकी वाक्यं कधी बोलले नव्हते. अडखळत, मध्ये इंग्रजी शब्द घालत सांगितलं. सांगून झाल्यावर कोणी हसलं नाही.

"म्हणजे माझ्यामुळं?" काकूने विचारलं.

"नाही. माझ्यामुळे. पोलीस येणार हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही तुम्हाला."

"का नाय सांगितलंस गो?"

"ती कशाला सांगतेय?" दुसरी म्हणाली. "मूग गिळलेले असतात तिनं बारमाही."

खरं होतं, म्हणून मी काही बोलले नाही. मग मला जाणवलं की मी पुन्हा तेच करते आहे. मी म्हटलं, "उद्या पोलीस ठाण्यात जायचंय. मी जाते, वहिनीला नेते. पण शेजाऱ्यांचा जबाब लागेल. तुम्ही आलं पाहिजे, काकू."

काकूने मान हलवली. "मी नाय येणार. पोलिसाला खोटं बोलले मी. आता माझ्याच पायानं जाऊन सांगू, खोटं बोलले, मला आत टाक?"

"आत नाही टाकत असं."

"तुला काय माहीत? तू गेलीस कवा पोलिसात?"

मी गेले नव्हते. काकू खाचरातून बाहेर आली, पाय धुतले आणि कोणाशी न बोलता घराकडे गेली. संध्याकाळी आई तिच्याकडे जाऊन आली. म्हणाली, दार लावून बसली आहे.

सकाळी आई, वहिनी आणि मी खाली रस्त्यावर उतरलो तेव्हा मिनीडोर उभी होती आणि आत काकू बसलेली होती. ठेवणीतलं लुगडं नेसलेली, मांडीवर कापडी पिशवी. तिच्या शेजारी आणि समोर काल खाचरात असलेल्या बाकी सगळ्याजणी. ड्रायव्हर म्हणत होता, एवढी माणसं नाही बसत. त्या म्हणत होत्या, बसलोय ना.

मी काकूला विचारलं, "पिशवीत काय आहे?"

तिने उघडून दाखवली. एक जुनं लुगडं, टॉवेल, मिश्रीची डबी, बीपीच्या गोळ्या.

"ठेवून घेतलीन तर?" ती म्हणाली. "ओल्या कपड्यांत किती दिवस ऱ्हाणार?"

ठाण्यात एका उपनिरीक्षक मॅडमच्या टेबलासमोर आम्ही दहाजणी उभ्या राहिलो. बाकड्यावर तिघीच मावत होत्या आणि तिघींनाही बसायचं नव्हतं. मॅडम तरुण होत्या, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. मी फोल्डर पुढे केला. त्यात मी रात्री इंग्रजीत लिहिलेलं खुलाशाचं पत्र होतं, चांगलं दीड पानी. त्यांनी वाचलं, बाजूला ठेवलं आणि आमच्या बीटच्या हवालदारांना बोलावलं.

हवालदारांनी काकूला पाहताच बोट दाखवलं. "याच! याच त्या मावशी, मॅडम. मी एवढा डोंगर चढून गेलो, सात बायकांना विचारलं, सातही बायकांनी तोंडावर सांगितलं, नाय."

"आठ," काकू म्हणाली.

"काय आठ?"

"आठजणी होत्या." काकूने पिशवी दोन्ही हातांनी धरली होती. "तुमचा बूट चिखलात गेला तवा काढून दिलान, ती कोण?"

हवालदार थांबले. त्यांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनीला सगळं कळलं नसेल, पण बूट हा शब्द कळला. ती खाली वाकली, दोन्ही हातांनी काहीतरी ओढून काढल्यासारखं केलं, ते खाचरातल्या पाण्यात धुतल्यासारखं केलं आणि अदबीने हवालदारांपुढे धरलं.

"ती ही?" हवालदार म्हणाले. "खोळीतली?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या हसू दाबायचा प्रयत्न करत होत्या, तो जमला नाही. "म्हणजे हवालदार, पडताळणी झाली होती. फक्त तुम्हाला कळलं नाही."

"मॅडम, पाऊस एवढा होता..."

"असू दे." मग त्या वहिनीकडे वळल्या आणि सावकाश, स्पष्ट मराठीत विचारलं, "तुम्ही इथे राहता? सासूजवळ?"

वहिनी सरळ उभी राहिली. "हाय गो," ती म्हणाली.

आईने कपाळाला हात लावला. गणवेशातल्या साहेब बाईला गो! मी घाईने म्हटलं, "सॉरी मॅडम, तिला एवढंच येतं, ती शेतातल्या बायकांकडूनच..."

"कळलं मला," मॅडम म्हणाल्या. "माझी आजीही असंच बोलायची." आणि हवालदारांना सांगितलं, "लिहून घ्या. शेजाऱ्यांचे दोन जबाब, घरच्यांचा एक. नवा अहवाल आजच पाठवू." मग माझ्याकडे पाहून, "घरच्यांतर्फे तू सांग. इंग्रजी पत्र अर्जाला जोड. मला जबाब मराठीत पाहिजे."

मी बोलायला लागले. काय काय सांगितलं ते सगळं आता आठवत नाही. भावाचं काम, लग्न, वहिनी कधी आली, कुठे झोपते, काय करते. बायका खोटं का बोलल्या तेही सांगितलं: त्यांना वाटलं की तिला न्यायला आले आहेत. आणि मी आधी सांगितलं असतं तर त्यांनी साहेबांना चहा पाजून तिला पुढे उभं केलं असतं. हवालदार लिहीत होते. मध्येच त्यांनी वर न बघता विचारलं, "घर नंबर?"

घरपट्टीच्या पावतीवर तो आकडा मी पंचवीस वेळा पाहिला होता. थर्टी-एट. माझ्यामागे नऊ बायका उभ्या होत्या. मी वेळ घेतला. कोणी पुढून बोललं नाही.

"अडतीस," मी म्हटलं.

हवालदारांनी अडतीस लिहिलं. त्यांच्यासाठी तो नुसता आकडा होता. मला मात्र पाठीवरून ओझं उतरल्यासारखं वाटलं आणि उरलेला जबाब मी न थांबता सांगितला. शेवटी त्यांनी तो वाचून दाखवला. माझी वाक्यं, सरळ मराठीत, कागदावर. मी सही केली. काकूनेही केली, बचत गटात शिकली आहे ती सही करायला. एकेक अक्षर रोप लावल्यासारखं दाबून लावत गेली. सही झाल्यावर तिने मॅडमना विचारलं, "मग मी जाऊ?"

"जा की. का?"

"नाय, पिशवी आणली होती."

पोलादपूरच्या स्टँडवर आम्ही सगळ्यांनी वडापाव खाल्ले. ड्रायव्हरने परत जाताना एकदाही म्हटलं नाही की माणसं जास्त आहेत; त्याला तोवर गोष्ट कळली होती. चढणीवर बायका बुटाचा प्रसंग एकमेकींना सांगत होत्या आणि वहिनीला तो पुन्हा पुन्हा करून दाखवायला लावत होत्या. दुपारी त्यांनी उरलेलं खाचर लावून संपवलं.

मंजुरी आली ती मुदत संपायला तीन दिवस असताना. मी लॅबमध्ये होते. कागद उघडला, दोनदा वाचला, प्रिंट काढली. फोन करता आला असता. केला नाही. हे मला तोंडाने सांगायचं होतं.

ओट्यावर उभी राहून मी ते पत्र वाचलं, इंग्रजीतून मराठी करत, तारखांसकट. पाऊस थोडा उघडला होता, म्हणून बरीच माणसं आली होती. वाचून झाल्यावर काकू म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. "किती दिवस?" कोणीतरी विचारलं. "एक वर्ष," मी म्हटलं. "मग पुन्हा." वहिनी आईजवळ उभी होती. तिने पत्र हातात घेतलं, पुसलेल्या हातांनी, आणि देव्हाऱ्यातल्या डब्यात ठेवलं, जिथे आई घरपट्टीच्या पावत्या ठेवते.

तो भात वहिनीनेच कापला. देवळामागच्या कातळावर रेंज येते, तिथे उभी राहून मी भावाला ते व्हिडिओवर दाखवलं. कोणत्या बंदरात होता कोण जाणे, पांढऱ्या टोपीतच होता. फोन डोळ्यांजवळ नेऊन बघितलं त्याने. मग म्हणाला, "ती आईपेक्षा जोरात कापतेय."

यंदा पुन्हा अर्ज भरला. या वेळी पोलीस यायच्या पंधरा दिवस आधी मी घरोघरी जाऊन सांगून आले. सगळीकडे चहा प्यावा लागला. कोणी मला मिडियम म्हटलं तर मी म्हटलं, हो, बोला.

हवालदार आले तेव्हा मी वाडीतच होते. पायवाटेच्या वळणावर त्यांची टोपी दिसली मात्र, खालच्या खाचरातून काकू ओरडली, "हाय ओ! हाय! या वर!" मग दुसरी, मग तिसरी. ते बांधावर पोचेपर्यंत सगळा डोंगर हाय हाय म्हणत होता. त्यांनी बूट आधीच काढून हातात धरले होते.

ओट्यावर बसून ते कागद भरायला लागले. नाव, पत्ता, घर नंबर. तो मी सांगितला. मग त्यांनी विचारलं, "किती काळ राहतायत इथे?"

मी तारीख सांगणार होते, पण काकू आधी बोलली.

"दोन भातं खाल्लीन तिनं," ती म्हणाली. "तिसरं लावतेय."

हवालदारांनी जरा विचार केला आणि लिहिलं, दोन वर्षे.